परड्यात फरशी झाली आणि भाजी सडायला लागली: कुठून तपासायचं?

सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात मी परड्यांची कामं करतो. फरशी, पेव्हर, वाफे आणि पाण्याची वाट. पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला की फोन सुरू होतात आणि मजकूर एकच असतो: "गेल्या उन्हाळ्यात मागं फरशी करून घेतली, कंपाउंडच्या कडेनं भाजीला पट्टा सोडला. पहिलं वर्ष झकास गेलं. आता लावलं की मरतंय. कुठलं औषध मारू?"

औषधाचं मागाहून बघू. आधी लक्षणं जुळतात का ते पाहा.

लक्षणं

माती ओली असताना मिरची, वांगी, टोमॅटो माना टाकतात. पाणी घातलं तर आणखीच टाकतात. असं एक रोप हळूच उपटा आणि त्याचं मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ चिवट आणि पांढरट असतं. सडलेल्या मुळाची तपकिरी साल पायमोज्यासारखी बोटांत निघून येते आणि आत दोऱ्याएवढी पांढरी शीर उरते. एकदा हे पाहिलं की पुन्हा शंका येत नाही.

पपईचा बुंधा जमिनीलगत मऊ पडतो आणि साध्या वाऱ्यानं झाड आडवं होतं. पपईला साचलेलं पाणी दोन दिवसही सोसत नाही, त्यामुळे बहुतेक परड्यांत पहिला बळी तिचाच.

पाऊस थांबून चार-पाच तास झाले तरी फरशीवर ठरावीक जागी डबकं राहतं. उन्हाळ्यात त्याच जागेभोवती शेवाळाचं वाळलेलं काळपट कडं दिसतं. एखादी फरशी डुगडुगते, पाय दिला की सांध्यातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडते. घराच्या मागच्या भिंतीला खालून फूट-दीड फूट ओल, पोपडे, पांढरा खार.

आणि याच परड्यात अळू नि लव्हाळा मात्र माजलेला असतो. पाण्यावर जगणारं तेवढं खूश आणि बाकी सगळं मरणपंथाला, असं असेल तर दुखणं पाण्याचं आहे.

एक फरक लक्षात ठेवा. कढीपत्त्याची, लिंबाची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि माती ओलीगच्च नाही, तर ते दुखणं वेगळं. तिथं खाली बांधकामाचा राडारोडा पुरलेला असण्याचा संभव मोठा. चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. तो मलबा उकरून काढायचा आणि माती बदलायची. खालचं सगळं त्यासाठी नाही.

बुरशीनाशकाबद्दल एवढंच: मुळं कुजवणाऱ्या बुरश्या हवा कोंडलेल्या ओल्या मातीत फोफावतात. पाणी हटवल्याशिवाय फवारणी म्हणजे गळक्या पत्र्याखाली फडकं मारत बसणं.

फुकटचं काम: पावसात उभं राहा

छत्री घ्या आणि जोराच्या पावसात पंधरा मिनिटं परड्यात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं आणि कुठून बाहेर पडतं, एवढंच बघायचं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, पुढं गवंड्याशी बोलताना तोच कामाला येतो. पाऊस नसेल तर घराच्या भिंतीजवळ दोन-तीन बादल्या एकदम ओता. डबकं आटायला लागलं की त्याच्या कडेनं विटेच्या तुकड्यानं रेघ मारा.

हे का करायचं, तर पाणी किती असतं याचा आपल्याला अंदाज नसतो म्हणून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बारा बाय पंधरा फुटांच्या फरशीवर ५० मिलिमीटरचा एक पाऊस झाला तर सुमारे ८३५ लिटर होतात. पंधरा लिटरच्या पंचावन्न बादल्या! पूर्वी यातलं बरंचसं माती पीत होती. आता ते सगळं कुठल्या तरी एका कडेला जाणार, आणि त्या कडेला तुम्ही मिरच्या लावल्यात. सांगली-मिरजेत पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी, म्हणून इथले लोक निर्धास्त असतात. पण हस्ताचा परतीचा पाऊस तासाभरात एवढं पाणी देऊन जातो.

जाळी आणि ट्रॅप

परड्याच्या कोपऱ्यातली जाळी उचला. तिच्याखालचं गाळ अडवणारं भांडं म्हणजे ट्रॅप. वर पानं दिसत नाहीत म्हणून आत काही नाही असं नसतं. हात घालून गाळ काढा (हातमोजे घाला, गोम निघते) आणि दोन बादल्या पाणी झटकन ओता. पाणी घुटमळून वर आलं तर पुढची लाइन तुंबली आहे.

नवीन कामात मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण पालापाचोळा नव्हे, सिमेंट. संध्याकाळी काम सुटताना घमेली-थाप्या त्याच ट्रॅपवर धुतल्या जातात. रोजचा थोडा थोडा सिमेंटचा गाळ खाली बसतो, घट्ट होतो आणि चार इंची पाइपात दीड इंचाची वाट राहते. सुरुवातीच्या पावसांत कळत नाही, दुसऱ्या वर्षी तिथं पानं अडकायला लागली की कळतं. बांबूची कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग घालून बघा. टणक लागलं आणि कामटीला करडा चुरा आला तर तेवढा तुकडा बदलावाच लागतो. ॲसिड ओतू नका. सिमेंट पुरतं विरघळत नाही, सांधे खराब होतात आणि वाफा नाकातोंडात जातात.

गच्चीचं पाणी

हे तपासायला वर मान करावी लागते, म्हणून राहून जातं. गच्चीचा पाइप खाली कुठं सुटलाय? सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवरून त्याच ५० मिलिमीटर पावसात जवळजवळ २,८०० लिटर पाणी येतं, फरशीच्या तिपटीहून जास्त. पाइप परड्यात मोकळा सोडला असेल तर बाकी काही दुरुस्त करून उपयोग नाही.

एक एल्बो आणि लागेल तेवढा ११० मिलिमीटरचा पाइप जोडून ते पाणी पुढच्या बाजूला, पावसाच्या गटारीकडे न्या किंवा टाकीत घ्या. मैलापाण्याच्या चेंबरात सोडू नका. मोठ्या पावसात ते चेंबर भरून सगळं उलटं घरात येतं. आणि शेजाऱ्याच्या हद्दीत तर मुळीच नाही. पागोळीच्या पाण्यावरून सख्ख्या भावांच्या कोर्टकचेऱ्या झालेल्या मी पाहिल्यात.

पाणी घालायची सवय

थोडक्यात सांगतो. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको. फरशीलगतचा वाफा उघड्या वाफ्यापेक्षा उशिरा वाळतो, कारण फरशीखालची ओल त्याला मिळत राहते. ठिबकचा टायमर उन्हाळ्यात लावून विसरलेली घरं कमी नाहीत.

वाफा आहे की हौद?

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता खोरं घ्या. माझ्या अनुभवात खरं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं.

मिरजेत एका मावशींकडे तीन वर्षं ओळीनं मिरची मेली होती. वाफा दिसायला सुरेख. कंपाउंडलगत दोन फूट रुंद, विटेची कड, आतून-बाहेरून गिलावा, वर टेराकोटा रंग. मी दीड फूट खोल खणायला घेतलं. वरची सहा इंच काळी माती, मऊ. मग पहार ठण्ण वाजली. खाली मुरूम, जेसीबी फिरून फिरून फरशीसारखा दबलेला. मुरमाच्या वर बोटभर जाडीचा निळसर-करडा चिखल आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. तो वास आला म्हणजे मातीत हवा पोचत नाही, मुळं गुदमरलेली आहेत. चारी बाजूंनी गिलावा, खाली दबलेला मुरूम आणि वरून फरशीचं पाणी. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी हौदात मिरच्या लावत होते की रे!"

तुमच्याकडे हेच आहे का ते बघायची साधी रीत: वाफ्यात एक फूट लांब, रुंद नि खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि काडीवर खूण करून तासाभरानं बघा. इंचभरही उतरलं नसेल तर निचरा नाही. सकाळी भरलेलं दुसऱ्या सकाळी तसंच दिसलं तर तो हौदच. पहिल्या दिवसाचा आकडा धरायचा नाही, कारण कोरडी काळी माती आधी भेगांतून गटागटा पिते आणि मग फुगून स्वतःचीच तोंडं बंद करते.

इलाज खर्चाच्या चढत्या क्रमानं असा. आधी कडेच्या भिंतीला तळाशी दर दोन फुटांवर भोक पाडून इंची पाइपाचे तुकडे बाहेरच्या बाजूला किंचित उतरते बसवा, आतल्या तोंडाशी नारळाचा काथ्या भरा म्हणजे माती वाहून जात नाही. एवढ्यानं भागलं नाही तर वाफ्यातली माती बाजूला काढून खालचा मुरूम पहारीनं जागोजाग फोडा. तरीही पाणी राहिलं तर वाफा वर उचला. फरशीच्या वर एक फूट गादीवाफा, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाचट आपल्याकडे मागेल तेवढं मिळतं, लोक फुकट जाळतात.

दोन चुका टाळा. काळ्या मातीत चार घमेली वाळू मिसळून निचरा होत नाही. एवढ्या थोड्या वाळूनं माती उलट विटेसारखी बसते. सुधारते ती शेणखतानं आणि पालापाचोळ्यानं. दुसरी चूक घराच्या भिंतीला टेकून गादीवाफा करण्याची. माती जोत्याच्या (पायाचा जमिनीवर दिसणारा भाग) वर गेली की ओल थेट भिंतीत शिरते. जोत्याच्या वरच्या कडेपासून माती किमान सहा इंच खाली हवी. किचनच्या खिडकीतून हात घालून कोथिंबीर खुडायची हौस कितीही असली तरी.

फरशीचा ढाळ

गवंड्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ढाळ दिलाय की वहिनी, डोळ्याला दिसत नाही एवढंच." म्हणून मोजायचा. पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे घालवा. दोन माणसं लागतात. एक टोक घराच्या भिंतीशी, दुसरं जाळीपाशी. पाणी स्थिर झालं की दोन्ही टोकांना पाण्याच्या रेषेपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा. दहा फुटांच्या लांबीत जाळीकडचं माप साधारण दीड इंचानं जास्त यायला हवं. घराकडं २४ इंच, तर जाळीकडं साडेपंचवीस. दोन्ही सारखी आली तर पाणी तुंबणार. जाळीकडचं कमी आलं तर पाणी घराकडं चाललंय.

करताना बरोबर असलेला ढाळ दोन पावसाळ्यांत उलटा होतो, आणि त्यात गवंड्याची लबाडी असतेच असं नाही. घराचा पाया खणताना भोवती जो चर पडतो, तो नंतर निघालेल्या मातीनंच बुजवतात. थरावर थर देऊन, पाणी मारून, धुमस करून (ठोकून दाबून) बुजवला तर ठीक. बहुतेक ठिकाणी एकदाच ढकलून वरून रोलर फिरवतात. तो भराव पावसागणिक बसतो. भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा खचतो आणि डबकं बरोबर जोत्याशी होतं. म्हणूनच पहिलं वर्ष झकास जातं.

फरशीवर काठीच्या टोकानं ठोकत चला. भरीव जागी आवाज बसका येतो, खाली पोकळी असेल तिथं मडक्यासारखा. पोकळ जागांवर खुणा करा. आता तुमची विटेची रेघ आणि या खुणा एकाच पट्ट्यात येतात का पाहा. आल्या तर भराव बसलाय.

पेव्हर असतील तर काम घरच्या घरी होतं. तेवढे ब्लॉक उचला, खालची कच (दगडाचा चुरा) काढा, मुरूम थरानं भरून धुमस करा, वर इंच-दीड इंच कच लेव्हलला ओढून ब्लॉक परत बसवा, सांध्यांत बारीक कच झाडूनं भरा. ब्लॉक उचलण्याआधी फोटो काढा, नाहीतर नक्षी जुळवताना संध्याकाळ होते. सिमेंटवर बसवलेली शहाबादी किंवा कोटा असेल तर फोडूनच काढावी लागते आणि शहाबादी उचलताना तुटते. तिथं गवंडी बोलवा, पण मापं तुम्ही सांगा. वरून सिमेंटचा लेप देऊन ढाळ करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. खालचा भराव बसतोच आहे, लेपाला वर्षाच्या आत भेगा जातात.

शोषखड्डा

हा शेवटचा आणि कष्टाचा इलाज. नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे ऐकून लोक आधी इथंच उडी मारतात. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. पद्धत चांगलीच आहे, पण पाणी जिरवणारी जमीन खाली हवी. वर सांगितलेली खड्ड्याची चाचणी शोषखड्ड्याच्या जागी, चार फूट खोलीवर घ्या. मुरूम लागून पाणी उतरत असेल तर करा. काळी चिकण माती लागली तर तो खड्डा पावसाळाभर तुडुंब राहतो आणि तिथं डास होतात.

जोत्यापासून दहा फुटांच्या आत तर नकोच. काळी माती ओलीनं फुगते आणि वाळली की आकसते, पायाखाली हे चालू झालं की भिंती तडकतात. लहान परड्यात दहा फूट अंतर मिळतच नाही. अशा वेळी मी शोषखड्ड्याचा विचार सोडून पाणी पाइपानं पुढच्या गटारीकडे नेतो.

इथं थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर खोरं खाली ठेवा.

भिंतीत तिरकी भेग, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, आणि तिच्यात एक रुपयाचं नाणं शिरतंय. किंवा कंपाउंड वॉल कलली आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ठेकेदाराचं मत इथं चालत नाही, कारण त्याला काम हवं असतं.

परड्यात पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आहे आणि तिचं झाकण फरशीच्या पातळीला आहे, त्यावरून डबक्याचं पाणी जातंय. आजच्या आज टाकीचं पाणी पिणं बंद. टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन घालून घ्या आणि झाकणाचा काठ सहा इंच उचलून घ्या.

डबक्याला मैल्याचा वास येतोय. ड्रेनेजची लाइन फुटली असेल किंवा सेप्टिक टँक झिरपत असेल. त्या वाफ्यातली कोथिंबीर, पालक, मुळा काही खाऊ नका. टँकमध्ये स्वतः उतरू नका, कुणा मजुरालाही उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस काही क्षणांत कोसळतो, वाचवायला गेलेलाही जातो. सुरक्षेशिवाय माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. महापालिकेची किंवा नगरपालिकेची सक्शन गाडी मागवा.

ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना नळाला, मोटारीला हात लावला की मुंग्या येतात. मेन बंद करा, वायरमन येईपर्यंत मुलांना मागं सोडू नका. बागेतल्या दिव्यांची केबल फरशीखालून पाइपाशिवाय नेलेली असते, खुरपीचा घाव तिला कधीच बसलेला असतो.

आणि दुरुस्ती करूनही दुसऱ्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा खचली, तर तिसऱ्यांदा भरू नका. खाली जुनी विहीर बुजवलेली असू शकते, फुटकी पाण्याची लाइन असू शकते. ते वरून कळत नाही.

नंतर काय लावायचं

पाणी वाटेला लागलं तरी कुजलेल्या जागी लगेच मिरची, वांगी, टोमॅटो नको, तिघं एकाच कुळातली. तिथं वर्षभर मेथी, मका, गवार घ्या. पपई गादीवाफ्यावरच, तीही सगळ्यात उंच टोकाला.

परड्याच्या ज्या कोपऱ्यात ढाळ संपतो तिथं फरशी न घालता चार बाय चार फूट माती मोकळी ठेवा. जुन्या घरांत मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू नि केळ असायची, ती शोभेला नव्हती. मिरजेच्या त्या मावशींकडं तेवढा चौकोन आम्ही फरशी उचकटून मोकळा केला. तिथं लावायला अळूचे कंद मात्र ओळखीच्या घरून, त्यांच्याकडची अळूची भाजी एकदा खाऊन मगच आणा. खाजरा निघाला तर उपटून संपत नाही.